पेन्सिली बिस्किटांच्या डब्यात : दांडिया बाजारातला शनिवारचा वर्ग

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायचा पगार घेतोय. त्यामुळे मी एखाद्या वर्गाबद्दल चांगलं लिहायला बसलोय हे कळल्यावर बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. चांगलं लिहिणार आहे. खोटही काढणार आहे, ती सवय काही जात नाही.

वर्ग दांडिया बाजारात, एका जुन्या घराच्या माडीवर भरतो. पाटी नाही, नाव नाही, फोनवर शोधून सापडत नाही. चालवणाऱ्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. लिहितोय म्हटल्यावर त्यांनी बजावलं, "माझं नाव घालू नका. मग फोन येतात, आणि फोनवर लोक एकच विचारतात, मार्क किती वाढतील." म्हणून नाव घालत नाही. पहिली ते चौथीची मुलं, एका तुकडीत सात-आठ, आठ शनिवार, सकाळी दहा ते साडेअकरा, फी १,८०० रुपये. निबंध शिकवत नाहीत. निबंधाला बसायच्या आधी मुलाच्या डोक्यात जे आहे ते बाहेर कसं काढायचं, तेवढंच शिकवतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे स्वयंपाकाच्या क्लासला जायचं आणि नुसती भाजी निवडून घरी यायचं.

जायची वेळ का आली ते सांगतो. लेक तिसरीत. शाळा इंग्रजी, घरात मराठी, जिन्यात आणि बागेत गुजराती. जून संपता संपता शाळेतून विषय आला, 'अ रेनी डे', दहा ओळी. पोरगी टेबलाशी बसली आणि पेन्सिलीचं टोक चावू लागली. "बाबा, काय लिहू?" असं तिने मला सात वेळा विचारलं. मोजलं, कारण मोजणं हाच धंदा. आठव्या वेळी मी सांगून मोकळा झालो : कागदी होड्या, बेडूक, गरम भजी, इंद्रधनुष्य. तिने निमूट उतरवून घेतलं. दहापैकी नऊ मिळाले. मी खूश, ती खूश.

माझ्या आईने वही वाचली आणि चष्मा काढून म्हणाली, "अरे, ह्या पोरीने होडी कधी सोडली?"

आम्ही समा भागात राहतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या त्या आठवड्यात, विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची खूण २५ फुटांवर आहे, म्हणजे आमच्या कारखान्याच्या भाषेत टॉलरन्सच्या, चालवून घ्यायच्या फरकाच्या, दहा फूट बाहेर. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात, दोन दिवस वीज नाही, खालची तीन बिऱ्हाडं आमच्या नि वरच्यांच्या घरात. शेजारच्या सोसायटीत मगर शिरली, वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक दोर घेऊन आले. हे सगळं डोळ्यांनी बघितलेली पोर वर्षभराने पावसावर लिहायला बसते आणि बेडूक लिहिते. तो बेडूकसुद्धा तिचा नव्हे, माझा.

वर्गाची चौकशी करण्याआधी मी घरी उपाय करून बघितले, कारण १,८०० रुपये वाचले तर कुणाला नको असतात. निबंधांचं गाईड आणलं, त्यात होड्या आणि बेडूक होतेच. फोनला विचारलं तर दोन सेकंदांत दहा ओळी आल्या, एकही चूक नाही आणि एकही वाक्य माझ्या पोरीचं नाही. चित्रांचे फासे मागवले. ते टाकले की कधी किल्ली, कधी मासा, कधी विमान येतं आणि त्यावरून गोष्ट जोडायची. खेळ म्हणून झकास, आम्ही अजूनही लाइट गेल्यावर खेळतो, पण 'माझी आजी' असा विषय आला की फाशावरचं विमान आजीच्या काय कामाचं?

मग मी माझी विद्या काढली. आमच्याकडे क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे कामगारांच्या बैठकीत, फिशबोन काढतात, खोटीची कारणं शोधायची जपानच्या इशिकावांची पद्धत. माशाचा सांगाडा काढायचा आणि काट्यांवर लिहायचं : माणूस, मशीन, माल, पद्धत, मापन, वातावरण. विषय होता 'माय बेस्ट फ्रेंड'. 'माल'च्या काट्यावर काय लिहायचं यावरून आमचं जे वाजलं ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. शेवटी तिने माशाला डोळा काढला, खवले रंगवले आणि फ्रिजवर लावून टाकला. अजून तिथेच आहे.

तेव्हा कुणीतरी ह्या बाईंचं सांगितलं.

पहिल्या शनिवारी जिन्याच्या तोंडाशी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. प्रत्येक मुलाने त्यात आपली पेन्सिल टाकायची आणि मगच वर जायचं. जुन्या लाकडी जिन्याने, कठड्याच्या दोराला धरून. पेन्सिल परत मिळते चाळीस मिनिटांनी. माझ्या मुलीचा चेहरा तिथेच उजळला. पाच दिवस पेन्सिल धरायला लावणाऱ्या जगात कुणीतरी ती काढून घेतंय म्हटल्यावर काय.

आईबाप पहिल्या आणि शेवटच्या शनिवारी बसायचे, भिंतीला टेकून, सतरंजीवर. बाईंनी आम्हाला नियम सांगितला, मुलांच्या देखत : "आठ आठवडे तुम्हाला घरी दोनच शब्द बोलायची परवानगी आहे. 'मग?' आणि 'अजून?' तिसरा शब्द सुचला तर पाणी प्या." मुलं खदखदून हसली. एक वडील म्हणाले, पण काही चुकीचं सांगत असेल तर? बाई म्हणाल्या, "चुकीचं सांगू दे. बरोबरची वेळ नंतर येते."

हे मला नवीन नव्हतं, आणि म्हणूनच लागलं. ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द अमेरिकेतल्या जाहिरात धंद्यातल्या अॅलेक्स ऑसबॉर्न यांनी रूढ केला. १९५३च्या त्यांच्या पुस्तकातले नियम आमच्या ट्रेनिंग रूमच्या भिंतीवर चिकटवलेले आहेत : आधी भरपूर सुचू दे, वेडंवाकडं चालेल, आणि सुचण्याच्या वेळी कुणी कुणाच्या कल्पनेवर टीका करायची नाही. कारखान्यात मी हे नियम इतरांना शिकवतो. घरी मात्र पोरगी "मांजर" म्हणाली की मी "मांजराबद्दल दहा ओळी होतील का, गाय घे" म्हणणारा माणूस. सतरंजीवर बसून मला माझाच तक्ता आठवत होता.

बाईंची मुख्य पद्धत चिठ्ठ्यांची. जुन्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरची पानं कापून केलेले हातभर गठ्ठे, कोरी बाजू वर. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. शब्द चालेल, चित्र चालेल, गुजराती-मराठी-इंग्रजी काहीही चालेल, स्पेलिंगला त्या वेळी कुणी विचारत नाही. पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नसेल तर तो चित्र काढतो आणि बाई मागे त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतात. ह्या कामापुरत्या आखूड खडूपेन्सिली देतात, त्या डब्यातल्या पेन्सिलींत धरत नाहीत. चिठ्ठ्या प्रत्येकाने आधी एकट्याने करायच्या, पाठीला पाठ लावून. मग जोडीदाराला दाखवून तोंडी सांगायचं. जोडीदाराने ऐकलेलं परत सांगायचं. परत सांगताना तो हमखास काहीतरी विसरतो किंवा घोळ घालतो, आणि मूळचा मालक चिडून म्हणतो, "नाही नाही, तसं नाही, आधी चप्पल गेली!" त्या चिडण्यातून नवी चिठ्ठी निघते. ही बाईंची सगळ्यात हुशार युक्ती, आणि त्या तिला युक्ती म्हणतही नाहीत.

एकट्याने आधी का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, एकत्र बसवलं की एकच मोठ्याने बोलणारा मुलगा असतो, बाकीचे त्याचंच लिहितात. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात की १९५८ साली येल विद्यापीठात याचा प्रयोग झाला होता : चौघे एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्यापेक्षा चौघे वेगवेगळे बसले आणि मग सगळ्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर जास्त निघतात. बाईंना येल माहीत नव्हतं. त्यांना तिसरीचा 'ब' वर्ग माहीत होता.

पेन्सिल का काढून घेता, हेही विचारलं. त्यांचं म्हणणं, ह्या वयाच्या मुलाचं निम्मं डोकं अक्षर काढण्यातच जातं. 'बी' कुठल्या बाजूला, ओळीच्या वर का खाली, स्पेलिंग काय. तेवढ्यात सुचलेलं निसटतं. मग मूल सोपा मार्ग धरतं, ज्याचं स्पेलिंग येतं तेच त्याला "सुचतं". मला पटलं. एका माणसाला दोन मशिनी सांभाळायला दिल्या की कुठल्या मशीनवर रिजेक्शन वाढतं ते मी रोज बघतो. दोन्हींवर.

दुसऱ्या शनिवारी मला वर्गात परवानगी नव्हती, पण जिन्यात बसायला कुणी मनाई केली नव्हती. वर कापडी पिशवी फिरत होती. आत हात घालायचा, वस्तू बघायची नाही, नाव सांगायचं नाही, फक्त कशी लागते ते सांगायचं. "गार." "खडबडीत." "एका बाजूने टोचतंय." एक बारका आवाज म्हणाला, "आमच्या आजोबांच्या गालासारखं." ते सीताफळ होतं. मी जिन्यात एकटाच हसलो. घरी आल्यावर लेकीने आठवडाभर आम्हाला पिशव्यांत हात घालायला लावलं. एकदा ओलं गोणपाट होतं. पुढचं बोलत नाही.

आता तो पावसाचा शनिवार. चौथा होता आणि त्या दिवशी खरोखरच मुसळधार होता, म्हणून बाईंनी आम्हाला घरी न पाठवता वर बसवून घेतलं. विषय तोच, पाऊस. सुरुवातीला तेच सगळं आलं, छत्री, होडी, भजी. बाई प्रत्येक चिठ्ठीला "हं, मग?" एवढंच. एक गुजराती मुलगा आहे, चौथीतला, त्याने हळूच सांगितलं, "अमारी सोसायटीमां मगर आव्यो'तो, पण ए निबंधमां न लखाय."

बाईंनी विचारलं, "केम न लखाय?"

"टीचर ना पाडे." म्हणजे टीचर नाही म्हणतात.

खोलीत एकदम सात तोंडं उघडली. मगर कुणाच्या जिन्यात आली होती, कुणाच्या काकांच्या गाडीखाली, कुणी नुसतीच तिची शेपटी बघितली होती. विश्वामित्री गावाच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत ही आम्हा बडोदेकरांना इतकी रोजची गोष्ट आहे की ती लिहिण्यासारखी आहे हे कुणा मुलाच्या मनातच येत नाही. मोठ्यांच्याही नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की मात्र आपण त्यांना आधी पुलावर नेतो.

लेकीच्या त्या दिवशी तेवीस चिठ्ठ्या झाल्या. मी नंतर एक एक वाचल्या. 'आजीच्या बरण्या वर आणल्या, लिंबाची फुटली.' 'दूध नाही, काळा चहा, मला पण दिला.' 'खालचे काका अंधारात भजन म्हणत होते, मग सगळे.' 'टाकीचं पाणी मोजून.' 'अगाशीत झोपलो नाही, डास.' एकावर नुसतं चित्र, बदामी रंगाची चप्पल. एकच.

मला तिसरा शब्द सुचत होता. पाणी प्यायलो. मग म्हटलं, "अजून?"

ती म्हणाली, तिची एक चप्पल जिन्यातून वाहत गेली, तिने जाताना बघितली, ती फाटकाबाहेर वळेपर्यंत. आणि दुसरी तिने ठेवली आहे. कुठे? खणात, जुन्या स्वेटरच्या खाली. का? "ती परत आली तर जोडी लागेल ना."

घरात राहणारा मी. तो खण महिन्यातून एकदा तरी उघडणारा मी. एक वर्ष ती चप्पल तिथे होती.

तेवीस चिठ्ठ्यांचा निबंध होत नाही, म्हणून पुढची पायरी निवडायची. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी आहे, कपड्यांचे चिमटे आहेत. मुलाने आपल्या सहा चिठ्ठ्या निवडायच्या आणि ज्या क्रमाने सांगायचं त्या क्रमाने टांगायच्या. मग दोरीच्या बाजूने चालत जात तोंडी सांगायचं. अडखळलं तर चिमटे बदलायचे. लेकीने चप्पल आधी शेवटी टांगली, मग सगळ्यात पुढे आणली, मग परत शेवटी. उरलेल्या सतरा चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. प्रत्येकाचा एक 'उद्याचा डबा' असतो, त्यात जातात. मला वाटलं ही बाईंची काटकसर. पण पुढच्या महिन्यात शाळेतून 'माझे शेजारी' आलं तेव्हा पोरगी थेट डब्याकडे गेली आणि भजनवाल्या काकांची चिठ्ठी काढून आणली. मला काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर किंचित वाईटच वाटलं.

पाच बोटांचा प्रकारही आहे, कोण, कुठे, केव्हा, काय, का, आणि तळहातावर 'कसं वाटलं'. बऱ्याच शाळांत हे असतंच. एक दुरुस्ती चांगली आहे : बाई तळहातावर "मजा आली" लिहू देत नाहीत. मजा आली तर पोटात काय झालं, पायात काय झालं, ते सांगायचं.

सहाव्या शनिवारी सयाजीबागेतल्या म्युझियमला नेलं. तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो आपण लहानपणी बघितलाय आणि आपल्या मुलांना दाखवायचं राहून गेलंय. मुलांनी त्याच्याजवळ उभं राहून चिठ्ठ्या करायच्या होत्या. झाल्या त्या बहुतेक रखवालदाराच्या मिशांबद्दल आणि बाहेरच्या झुकझुक गाडीबद्दल. बाईंनी त्याही घेतल्या. येताना रस्ताभर त्या सयाजीरावांबद्दल बोलत होत्या. १९०६ साली महाराजांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा बाकीच्या हिंदुस्थानात काय होतं, वगैरे. प्रत्येक बडोदेकर मराठी माणूस चहाच्या दुसऱ्या घोटाला सयाजीरावांवर येतो, त्या रिक्षातच आल्या एवढाच फरक.

आता खोट.

सगळ्यात मोठी खोट शेवटच्या पायरीत आहे. दोरीवरच्या चिठ्ठ्यांवरून कागदावरच्या वाक्यांवर उतरायला बाईंनी दोनच शनिवार ठेवलेत, सातवा आणि आठवा, आणि तेवढे पुरत नाहीत. मुलं दोरीपाशी धबधब्यासारखी बोलतात आणि पेन्सिल हातात आली की पुन्हा 'देअर वॉज वॉटर'. मराठीत सुचलेलं इंग्रजीत नेणं हे वेगळंच काम आहे. बाई म्हणतात, ते शाळेने करावं. शाळा म्हणते, ते घरी करावं. घरी मला दोन शब्दांची परवानगी. मध्ये पोरगी. फी दोनशे वाढवा आणि आणखी दोन शनिवार घ्या, असं मी शेवटच्या दिवशी सुचवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग?" मी पुढे बोलत राहिलो. पायऱ्या उतरताना लक्षात आलं की माझ्यावरच प्रयोग झाला.

तिसऱ्या शनिवारी माइंड मॅपचा झेरॉक्स तक्ता देतात. मध्ये गोल, गोलाला फाटे, फाट्यांना फाटे. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७०च्या दशकात गाजवलेला प्रकार, मोठ्यांना उपयोगी पडतो, मलाही पडतो. पण आठ वर्षांच्या मुलीला मध्ये गोल आणि भोवती रेघा दिल्या तर ती त्याचं फूल करते. माझ्या मुलीने पाकळ्या रंगवण्यात पाऊण तास घालवला आणि आत एक शब्द नाही. शिवाय चिठ्ठी हलवता येते, तक्त्यावर एकदा लिहिलेलं जागेवरून हलत नाही, आणि ह्या वयात हलवता येणं हीच तर मेख आहे. सगळ्या क्लासवाल्यांकडे तक्ता असतो म्हणून बाईंनीही ठेवलाय असा माझा संशय. तो शनिवार सरळ काढून टाकावा.

लाजऱ्या मुलांचं काय, हा प्रश्नही मला पूर्ण सुटलेला दिसला नाही. एक मुलगी आठही शनिवार जोडीदाराशी कुजबुजली त्यापलीकडे बोलली नाही. बाई म्हणतात तिच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त. असतीलही, मी बघितल्या नाहीत. तिच्या आईचा चेहरा मात्र शेवटच्या दिवशी उतरलेला होता.

किरकोळ खोटी : पंखा असा वाजतो की मागच्या मुलांना ऐकू येत नाही. पावती मिळत नाही. एकदा बाईंना ताप होता आणि वर्ग नाही हे आम्हाला जिन्यापाशी, डबा दिसला नाही तेव्हा कळलं. तो शनिवार त्यांनी नंतर भरून दिला, हेही लिहिलं पाहिजे.

शाळेचं काय झालं हे विचाराल, म्हणून. सहामाहीत विषय आला, 'अॅन अनफरगेटेबल डे'. पोरीने पुराचं लिहिलं, चपलेसकट. दहापैकी सहा. स्पेलिंगला लाल, आणि 'स्लिपर' खाली रेघ मारून शेरा, 'विषय सोडू नये'. मागच्या वेळी माझ्या बेडकाला नऊ होते. बायकोला वाटलं पोरगी हिरमुसेल. तिने वही बघितली, "चप्पल हाच विषय होता" म्हणाली आणि डबा घेऊन खेळायला गेली. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडणार होतो. अजून गेलेलो नाही. मार्कांसाठी हा वर्ग घेणार असाल तर घेऊ नका, एवढं मात्र मी बाईंच्या वतीने सांगू शकतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा होतो असं मला वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात अजून गाईड गेलेलं नसतं. चौथीच्या पुढे कठीण. तो मगरवाला मुलगा तिसऱ्या-चौथ्या शनिवारपर्यंत प्रत्येक चिठ्ठी "गुड हॅबिट्स" वरून सुरू करत होता. आणि जे आईबाप गप्प बसू शकत नाहीत त्यांनी फी वाया घालवू नये. त्यातली निम्मी फी आपल्या गप्प बसण्याचीच आहे. मी स्वतः आठ आठवड्यांत नियम अकरा वेळा मोडला, त्यातले चार एकाच रविवारी, पाहुण्यांसमोर.

घरी स्वस्तात करायचं तर डबा, जुन्या पत्रिका, दोरी नि चिमटे मिळून पन्नास रुपयांच्या आत होतं, दोरी-चिमटे घरात असतील तर फुकट. मी शेजाऱ्यांसाठी करून बघितलं. पण दोन मुलं असतील तरच रंगतं, परत सांगताना घोळ घालणारा जोडीदार त्यात लागतोच, आणि बापाने घातलेला घोळ मुलांना लगेच ओळखू येतो.

पुढची तुकडी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, झालं की सुरू होणार आहे, त्याआधी मुलं गच्चीवरून खाली उतरत नाहीत हे बाईंना ठाऊक आहे. गाडी दांडिया बाजारात लावायच्या भानगडीत पडू नका, सुरसागरच्या बाजूला लावून चालत या. जिना चढताना दोर उजव्या हाताला आहे, चौथी पायरी सैल आहे. मी सुताराचा नंबर दिलाय, बघू.